हळद लागलेला बिल्ला

मला एक्स-रेच्या खोलीतून बाहेर काढलं ते एका बिल्ल्यानं. कुणी तक्रार केली नव्हती, माझ्या हातून प्लेट बिघडली नव्हती, तरी मी बाहेर. आजही आठवलं की आधी माझी कानशिलं तापतात आणि मग खो खो हसू येतं. घरातले म्हणतात, आता हिची गाडी सुरू झाली. झाली तर झाली!

दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. चिखलीच्या स्टँडवरून एस.टी.त बसलं की फार लांब नाही, एवढं पुरे. राज्य नवीन होतं, दवाखाना त्याहून नवीन, आणि एक्स-रेची मशीन तर इतकी नवलाईची की धडधाकट माणसं ती पाहायला यायची. 'बाई, माहाही एक फोटू काढा नं,' म्हणत दारात उभी राहायची. हाड मोडल्याशिवाय फोटो निघत नाही असं सांगितलं की बिचारी हिरमुसून जायची.

मी जानेफळची. आमच्या घरातली पगारावर जाणारी पहिली बाई. नागपूरला एक्स-रेचं शिक्षण घेतलं आणि इथं लागले. माझी आई गावभर सांगायची, "माही पोरगी मानसाच्या आतलं पाह्यते." लोकांना वाटे मी अंगात येणाऱ्यांपैकी आहे की काय. पण मला त्या खोलीचा खरंच अभिमान होता. जाड काळे पडदे, डार्करूममधल्या औषधाचा आंबूस वास, आणि ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू उमटत येणारं एखाद्या अनोळखी माणसाचं मनगट. ती माझी जागा होती. दुसरीकडे कुठं माझं मन लागलं नसतं.

खोलीत आम्ही दोघं. दुसरे म्हणजे मामा. सगळ्या दवाखान्याचे मामा, म्हणून माझेही मामा. संग्रामपूरकडच्या शेतकरी घरातले, माझ्या वडलांच्या वयाचे, आधी दुसऱ्या दवाखान्यात याच कामावर आणि इथं मशीन आली त्या दिवसापासून तिच्यासोबत. लहान लेकरू हललं की प्लेट वाया जाते, म्हणून मामा स्वतः लेकराचा हात धरून मशीनखाली उभे राहायचे. "आपन दोघं मिळून फोटू काढू, हाव का नाई?" असं म्हणत. लेकरू गप्प. मामांच्या बोटांची कातडी कोरडी ठक्क झाली होती आणि नखांना उभ्या चिरा होत्या. ते म्हणायचे, डार्करूमच्या औषधानं होते ते. मी ऐकून घ्यायची.

शिशाचा एप्रन एकच होता, तोही फाटका. मशीन चालवणाऱ्यानं आडोशाला उभं राहावं म्हणून शिशाचा पडदा लागतो. तो मामा कधीपासून मागत होते. वरून एकच उत्तर यायचं: तुमच्या बिल्ल्यावर तर काहीच येत नाही, पडदा कशाला हवा?

हा बिल्ला म्हणजे छातीला लावायची एक डबी. आत फिल्मची बारकी पुडी. महिना झाला की पुडी टपालानं मुंबईला जायची आणि डबी आमच्याकडे राहायची. ती फिल्म धुऊन तिथं बघायचे, या माणसाला महिनाभरात किती किरणं लागली. मामांच्या नावापुढे दर वेळी शून्य. माझ्या नावापुढे शून्याच्या आसपास काहीतरी किरकोळ.

दिवाळी झाली आणि मुंबईहून कागद आला. मामांचं शून्य. माझ्या नावापुढचा आकडा असा की मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे साहेब. माणूस भला, पण कागदाला भिणारा. मला म्हणाले, "बाई, आजपासून तुम्ही केसपेपरच्या खिडकीवर बसा. मुंबईहून एक डॉक्टरीण येताहेत. एक्स-रेवर काम करणाऱ्यांना पुढं कॅन्सर होतो का, याचा त्या अभ्यास करताहेत. जिल्ह्यातली सगळी मशीनवाली माणसं तपासणार आहेत. त्या तुमचं काय म्हणतात ते पाहू. हा आकडा खरा ठरला तर मात्र ती खोली तुमच्यासाठी कायमची बंद."

"आणि मग मी काय करू?"

"खिडकी आहेच की!"

खिडकी! नाव काय, वय काय, गाव कोणतं, काय दुखते. दिवसभर हेच. मी इतकी वैतागले होते की 'काय दुखते' हे मी लोकांना भांडण काढल्यासारखं विचारायची. एक म्हातारा तर म्हणाला, "राहू दे माय, आता नाई दुखत."

वरून हसू येत होतं, पण आतून मी भ्यायले होते. रात्री अंगावरून हात फिरवायची. कुठं गाठ लागते का, कुठं डाग दिसतो का. आईला कुणीतरी जाऊन सांगितलं. ती पहिल्या एस.टी.नं आली. आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावला. ताप नाही बघून तिला बरं वाटलं, जणू किरणं तापातच कळतात. मग म्हणाली, "सोड ते काम. घरी चाल. जीव हाय तं सगळं हाय." मी म्हटलं, डॉक्टरीण येऊन जाऊ दे. ती जे म्हणेल ते. आई ठेचा-भाकरीचं गाठोडं ठेवून डोळे पुसत परत गेली.

मामा त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलत नव्हते. खिडकीवर चहा पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत. मला वाटलं, यांनाही माझी भीती वाटते की काय? लय राग आला होता मला त्यांचा.

डॉक्टरीणबाई आल्या त्या जीपमधून, धुळीनं माखलेल्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या. गोऱ्या, ठेंगण्या, खांद्याला पिशवी, आणि बोलणं शुद्ध मुंबईचं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावून समजावलं. कोणाला किती किरणं लागली हे लिहून ठेवायचं, आणि मग वर्षानुवर्षं त्या माणसांची विचारपूस करत राहायची. कोणाला काय झालं, कोणाला काहीच झालं नाही. पण नुसतं तेवढ्यानं कळत नाही. किरणांजवळ कधी गेलीच नाहीत अशी त्याच वयाची, त्याच गावातली माणसंही हवीत, तुलनेला.

इथं गंमत झाली. तुलनेला कोण? बडेबाबू! बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. ते एक्स-रेच्या दारावरूनसुद्धा लांबून जायचे. त्यांचं रक्त घ्यायचं म्हटल्यावर ते उभेच राहिले.

"काऊन? मले काय झालं?"

"काही झालं नाही म्हणूनच तुम्ही हवे आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काई झालं नाई तं सुई काऊन टोचता मंग?"

त्यांना समजावता समजावता डॉक्टरीणबाईंचा घसा बसला. शेवटी मीच म्हटलं, "बडेबाबू, आमाले काय झालं ते तुमच्यावरून कळनार हाय. तुम्ही आमचं माप हाय." हे त्यांना पटलं. रक्त दिलं, आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ज्याला त्याला सांगत सुटले, "मुंबईच्या अभ्यासात माप म्हून मले घेतलं." दुसऱ्या दिवशी त्यांची बायको विचारायला आली, की माप म्हणून निवडल्यावर काही पथ्य असतं का.

मग माझी पाळी. त्यांनी रक्ताचा थेंब घेतला, नखं पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. घरात कुणाला कॅन्सर होता का, पाळी नियमित आहे का, दिवसाला किती प्लेटा काढता. मी उत्तरं देत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मला राहवलं नाही.

"बाई, सरळ सांगा. मी मरते का?"

त्या हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी माझ्या बिल्ल्याची धुतलेली फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघा. डबीत धातूच्या बारक्या चकत्या असतात, त्यांची सावली फिल्मवर पडते. माणूस हलतो, वळतो, किरणं कधी इकडून येतात, कधी तिकडून. त्यामुळे सावल्या पुसट पडतात. तुमच्या सावल्या बघा कशा आहेत."

सावल्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या. मी रोज हाडांच्या कडा बघणारी, मला लगेच कळलं.

"हा बिल्ला एका जागी पडून होता," मी म्हटलं.

"तेच मला वाटतंय. पण नुसतं वाटून चालत नाही. कुठं पडून होता ते सांगा. त्या महिन्यात कधी काढून ठेवला होता?"

काढून ठेवला होता तो एकदाच. दसऱ्याला. दसऱ्याला आमचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जातं. एखादं वर्ष चुकलं तर वडील जेवायचे नाहीत. मी दवाखान्यातून निघताना बिल्ला ऑफिसातल्या खिळ्याला अडकवला होता, येताना जानेफळला मुक्काम केला, आणि परत आले तेव्हा बिल्ला खिळ्यालाच होता. ऑफिस मशीनपासून चांगलं लांब.

"डबी आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी आणली. त्यांनी चाकूच्या टोकानं आतली स्प्रिंग उचलली. स्प्रिंगच्या खाली, कोपऱ्यात, काहीतरी पिवळं घट्ट बसलं होतं. त्यांनी नखानं कोरून काढलं, बोटावर चोळलं, वास घेतला.

"ही हळद आहे."

दारात उभे असलेले बडेबाबू म्हणाले, "बाप्पा! बिल्ल्याचं लगन लागलं!"

मला हसू नाही आलं. माझ्या डबीला हळद? आमच्या घरात पूजाअर्चा सोडून वर्षं झाली होती. मी तशीच उठले आणि एक्स-रेच्या खोलीत गेले. डॉक्टरीणबाई माझ्या मागून. मामा फिल्म ठेवायची कॅसेट पुसत होते. मी डबी त्यांच्यासमोर धरली.

"मामा, माह्या बिल्ल्याले हळद कोनं लावली?"

मामांचा चेहरा पडला. कॅसेट त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मी लावली," ते म्हणाले. "रागाऊ नको. खांडेनवमी होती. मशीनची पूजा केली. आपली अवजारं सगळी मांडली. कात्री, पट्टी, माहा बिल्ला. मंग तुहा खिळ्याले दिसला. म्हटलं पोरगी नाई तं नाई अथी, पन तिचं काम तं हाय नं अथी. सगळ्यायचं अवजार पाटावर अन् तुहंच भाईर खिळ्याले लटकून? मले ते बरं नाई वाटलं, पोरी."

"अन् पाट कुठी मांडला होता?"

"टेबलाखाली. तठीच जागा असते."

टेबलाखाली! वर मशीनचं तोंड, मध्ये पेशंट, आणि खाली सरळ रेषेत माझा बिल्ला.

"कधी उचलला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या दिशी पाट उचलाचा होता. पन दसऱ्याले आपट्याची पानं तोडाले पोट्टे झाडावर चढतात अन् पडतात. हात, पाय, खुबा, लाइनच लागली. मले फुरसतच नाई भेटली. माहा तेवढा सकाळीच उचलला होता, बाकीचं राह्यलं. तू येन्याच्या आदल्या दिशी हळद-कुकू पुसून तुहा खिळ्याले लावून देल्ला. तुले कळलं तं तुले आवडनार नाई, म्हून बोललो नाई."

"अहो, पण हिला खिडकीवर बसवलं तेव्हा तरी बोलायचं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामा खरंच गोंधळले. "त्याचा अन् याचा काय संबंध? बिल्ला अंगावर असन तवाच मोजते नं तो? थर्मामीटर काखेत असला तं ताप दाखवते. पाटावर पडल्या पडल्या कोनाचा ताप दाखवीन?"

मी तिथंच स्टुलावर बसले. किती दिवस मी अंगावरून हात फिरवत गाठी शोधत होते, आई रडत परत गेली होती, आणि ते सगळे आकडे आपट्याच्या झाडावरून पडलेल्या पोट्ट्यांचे होते! मला रागही आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम. राग कशाचा ते कळत होतं. रडू मात्र दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आमच्या लोकांना बाजूला ठेवून गावात किती पूजा झाल्या, किती पंगती झाल्या, ते मी लहानपणी पाहिलं होतं. आणि हा माणूस, मी तिथं नसताना, माझा बिल्ला एकटा बाहेर राहू नये म्हणून खिळ्यावरून काढून आणतो.

"मामा," मी म्हटलं, "पुढच्या वेळी इचाराचं. मी पूजा मानत नाई. पन इचाराचं."

"हाव," मामा म्हणाले. एवढंच.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी आजच लिहून देते. हा आकडा टेबलाखालच्या पाटाचा आहे, बाईंचा नाही." माझ्या डोक्यावरचं एवढं मोठं ओझं उतरलं की मी मामांचाच चहा उचलून पिऊन टाकला.

पण त्या गेल्या नाहीत. मामांच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मामांचा उजवा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून उजेडाकडे वळवली. नखांच्या चिरा बघितल्या. हसू गेलं होतं.

"मामा, तुमचा बिल्ला कुठं आहे?"

मामांच्या छातीला बिल्ला नव्हता. आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता तिथं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मामांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत, फडक्यात नीट गुंडाळलेला, कोरा करकरीत बिल्ला.

"तो असाच असतो? नेहमी?"

"खराब होऊ नाई म्हून," मामा म्हणाले. मग खरं बोलले. "आंधीच्या दवाखान्यात ज्याच्या हाताखाली मी शिकलो, त्याच्या बिल्ल्यावर आकडा आला. दुसऱ्या दिशी त्याले खिडकीवर बसोलं. रिटायर होईस्तोवर खिडकी. हुशार मानूस, पन जीव गेला त्याचा तठी बसून बसून. पोरीले तठी पाहून तोच आठवे, म्हून मी खिडकीकडे गेलो नाई. म्हटलं, आपल्या बिल्ल्यावर काई याले नको. माहं मन नाई लागनार बाई, या खोलीभाईर."

माझंही लागलं नसतं.

डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "अहो, जिल्ह्याजिल्ह्यातून मी शून्यं गोळा करत फिरतेय. उद्या कुणाला कॅन्सर झाला तर मी काय लिहिणार? यांना किरणं लागलीच नव्हती? अशी किती शून्यं ड्रॉवरमधली असतील, सांगा बरं!" मग एकदम हसल्या, पण ते हसणं थकलेलं होतं. "दोन बिल्ले. एक किंचाळला तो खोटा. आणि जो इतकी वर्षं गप्प आहे, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही."

त्या तशाच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. आम्ही बाहेर भिंतीला कान लावून. मला वाटलं नव्हतं एवढ्याशा बाईचा आवाज इतका चढेल. आकडा आला की माणसाला उचलून खिडकीवर टाकलं, तर कोण खरा आकडा दाखवेल तुम्हाला? माणूस हलवायच्या आधी खोली बघा, एप्रन बघा, पडदा बघा! मोठे डॉक्टर "हो, हो" म्हणत होते. बडेबाबू माझ्या कानात पुटपुटले, "मुंबईच्या बायका लय कडक असतात." मी म्हटलं, "जानेफळच्याही असतात." ते लगेच फायली घेऊन पसार झाले.

मी दुसऱ्या दिवशी खोलीत परत गेले. आईला चिठ्ठी पाठवली होती, पण चिठ्ठीवर तिचा भरवसा नव्हता. ती पुन्हा आली, पुन्हा कपाळाला हात लावला, आणि मग मामांना भेटायला हटून बसली. मला वाटलं आता भांडते. तिनं सगळी गोष्ट ऐकून घेतली, पाटाचीसुद्धा, आणि ठेच्याचं गाठोडं या वेळी मामांच्या हातात दिलं. मला काहीच नाही.

ती गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. फडक्यातला बिल्ला काढला आणि मामांच्या सदऱ्याला लावायला गेले. मामा मागे सरकले.

"राहू दे नं. आकडा आला तं?"

"येऊ द्या. आकडा आल्याशिवाय पडदा येत नाई."

"अन् मले खिडकीवर बसोलं तं?"

"तुमाले बसोलं तं मीही बसते. दोघं मिळून लोकायले वरडू."

ते हसले, पण हात बिल्ल्यावर आडवा धरूनच होते. त्या चिरा पडलेल्या बोटांचा हात. "इतके वर्स कोरा ठेवला पोरी. खराब होईन नं तो."

मी त्यांचा हात बाजूला केला आणि पिन लावली.

"होऊ द्या खराब," मी म्हटलं. "तो त्याच्यासाठीच हाय, मामा. तुम्ही नाई."